छातीवर कोण बसते?

आपल्या वस्त्यांमध्ये एक तक्रार घरोघर आहे, पण ती कुणी मोठ्याने सांगत नाही. "रात्री छातीवर कुणीतरी बसतं." जाग आलेली असते, डोळे उघडे असतात, वर फिरणारा पंखा दिसत असतो, शेजारी झोपलेल्या मुलाचा श्वासही ऐकू येत असतो, पण हात हलत नाही, पाय हलत नाही, हाक मारावी तर घशातून आवाज फुटत नाही. छातीवर मणभर ओझे ठेवल्यासारखे वाटते. दाराशी किंवा उशाशी कुणीतरी उभे आहे याची पक्की खात्री वाटते. काहींना काळी आकृती दिसते, काहींना पावलांचा आवाज येतो. काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटे असे चालते आणि मग एकदम अंग मोकळे होते. माणूस घामाने थबथबलेला उठून बसतो आणि पुन्हा झोपायला घाबरतो.

याला कुणी मुंज्या म्हणते, कुणी हडळ, कुणी नुसतेच 'बाहेरचे'. म्हातारी माणसे उशाखाली विळा किंवा चाकू ठेवायला सांगतात. त्याने भागले नाही की पुढची पायरी भगताची. म्हणूनच आज या विषयावर जरा सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्याला हा अनुभव येतो तो खोटे बोलत नसतो आणि वेडाही नसतो. "मनाचे खेळ आहेत" असे म्हणून त्याला उडवून लावणारे आपल्यातले सुशिक्षितही आम्हाला भगताइतकेच अर्धवट वाटतात. भगत निदान ऐकून तरी घेतो.

डॉक्टर या प्रकाराला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. पॅरॅलिसिस म्हणजे पक्षाघात, लकवा. पण हा शब्द ऐकला की घरात रडारड होईल. लकव्याचा आणि याचा संबंध नाही. आम्ही आपले साधे 'झोपेतली जखडण' म्हणू.

ही जखडण समजून घ्यायची तर झोप म्हणजे काय ते थोडे पाहावे लागते. दिवसभर राबलेले शरीर आणि मेंदू रात्री बंद पडतात, दुकानाचे शटर ओढावे तसे, अशीच पुष्कळ वर्षे समजूत होती. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात नॅथनिएल क्लाइटमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी सगळे आयुष्य झोपेच्या अभ्यासाला दिले. १९३८ साली ते एका सहकाऱ्याला घेऊन केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत, सूर्यप्रकाश पोचत नाही अशा ठिकाणी, ३२ दिवस राहिले होते. शरीराला २४ तासांऐवजी २८ तासांच्या दिवसाची सवय लागते का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांचा एक विद्यार्थी होता युजीन ॲसेरिन्स्की. घरची गरिबी, हाताशी जुने यंत्र. त्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलालाच यंत्र जोडले आणि झोपेत डोळ्यांची हालचाल कशी होते ते रात्ररात्र कागदावर उतरवून घेतले. तेव्हा दिसले की झोप लागल्यावर काही वेळाने बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने इकडेतिकडे धावू लागतात, जणू मुलगा काही पाहतो आहे. अशा वेळी माणसांना मुद्दाम उठवून विचारले, तर बहुतेकांनी "स्वप्न पाहत होतो" असेच सांगितले. हा शोध १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्या झोपेला रॅपिड आय मूव्हमेंट, थोडक्यात 'रेम' झोप असे नाव पडले.

म्हणजे झोप एका जातीची नसते. आधी हलकी, मग गाढ, मग ही डोळे फिरवणारी स्वप्नाची झोप, अशी साधारण नव्वद मिनिटांची एक फेरी असते आणि रात्रभरात अशा चार-पाच फेऱ्या होतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त मिळते. स्वप्नाची झोप पहाटेकडे वाढत जाते. पहाटेची स्वप्ने खरी होतात असे म्हणतात. खरी होतात की नाही ते राहू द्या, पण पहाटेच जास्त पडतात आणि लगेच जाग येत असल्यामुळे आठवतातही जास्त.

आता मुख्य मुद्दा. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, कुणाला मारतो, तरी अंथरुणात मात्र पडूनच असतो. हे कसे? फ्रान्समध्ये लिऑन शहरात मिशेल जुवे या शास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमारास मांजरांवर प्रयोग केले. स्वप्नाच्या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणासारखा चालू असतो, पण मान-हात-पायांचे स्नायू साफ ढिले पडलेले असतात, हे त्याने दाखवले. डोके व मान जुळतात तेथे मेंदूच्या देठात एक भाग आहे, तिथून हा हुकूम सुटतो. त्यातला एक छोटा तुकडा निकामी केल्यावर मांजरे झोपेतच उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. गिरणीत काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे पटकन कळेल. इंजिन चालू आहे, पण पट्टा उतरवून ठेवला आहे, म्हणून माग हलत नाही. शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली ही सोय आहे. ती नसती तर रोज सकाळी घरात कुणाचे तरी डोके फुटलेले दिसले असते.

एरवी काय होते? स्वप्न संपते, पट्टा परत चढतो आणि मग जाग येते. कधीकधी हा क्रम चुकतो. जाग आधी येते आणि पट्टा चढायचा राहून जातो. माणूस शुद्धीवर असतो, पण अंग अजून स्वप्नाच्या झोपेत असते. हीच जखडण.

छातीवरच्या ओझ्याचाही उलगडा यातच आहे. स्वप्नाच्या झोपेत श्वास मुख्यतः पोटाजवळच्या पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या बळावर चालतो. बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात. श्वास पुरेसा चालू असतो. पण घाबरलेला माणूस मोठा श्वास घ्यायला जातो आणि छाती साथ देत नाही. मग कुणीतरी दाबून धरल्याचीच जाणीव होते. राहिली ती आकृती. स्वप्नाच्या झोपेत मेंदूतले भीतीचे केंद्र बरेच जागृत असते. अंग हलत नाही, श्वास कोंडल्यासारखा वाटतो, म्हणजे धोका आहे, असा मेंदूचा हिशेब होतो. धोका आहे तर धोका देणाराही असलाच पाहिजे. अर्धवट उरलेले स्वप्न मग उघड्या डोळ्यांसमोरच्या अंधारात त्याला उभे करते. दोरीवरचा शर्ट, दाराआडची बादली, एवढेही सामान पुरते.

आणि हे फक्त आपल्याकडे घडते असे समजू नका. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे लोखंडाने बांधल्यासारखे होणे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे कोळी म्हणत, म्हातारी चेटकीण छातीवर बसली. इंग्रजीत वाईट स्वप्नाला नाइटमेअर म्हणतात, त्यातला 'मेअर' म्हणजे मुळात छातीवर बसणारे भूतच. हेन्री फ्युसेली या चित्रकाराने १७८१ साली याच नावाचे चित्र काढले. त्यात झोपलेल्या बाईच्या छातीवर एक ओंगळ प्राणी बसलेला आहे. प्रत्येक मुलखाने आपापल्या ओळखीचे भूत तिथे बसवले, अंग जखडण्याची तऱ्हा मात्र सगळीकडे एकच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांतल्या ३६ हजारांवर माणसांची माहिती एकत्र केली होती. त्यात आयुष्यात एकदा तरी जखडण अनुभवलेले लोक शंभरात सुमारे ८ निघाले, विद्यार्थ्यांमध्ये मात्र शंभरात २८. परीक्षेच्या नावाने झोपेचे तीनतेरा वाजवणाऱ्या मुलांनी हा आकडा वाचून ठेवावा.

विद्यार्थ्यांमध्येच जास्त का, याचे उत्तर आम्हाला आमच्याच वस्तीत मिळाले. एका घरी नवीन सून आली होती. वय वीस-एकवीस. नवरा एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत तिला हा त्रास सुरू झाला. आठवड्यातून तीन-तीन वेळा. ती उठून रडायची, अंधारात एकटी मोरीवर जायला भ्यायची. शेजारपाजारच्या बायांनी निष्कर्ष काढून टाकला की पोरीला माहेराहूनच काहीतरी लागलेले आहे आणि ते लपवून लग्न लावले. भगताने काळा कोंबडा, सात लिंबे आणि साडेतीन हजार रुपये सांगितले होते. अमावास्येला बसवायचे, आणि उतरले नाही तर माहेरी धाडायचे, इथपर्यंत गोष्ट गेली होती.

आमच्या मंडळातल्या एका ताईंना घेऊन आम्ही त्या घरी गेलो. सासूबाई चांगल्या मनाच्या, पण धास्तावलेल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेली माणसं. पण पोरगी रोज उठून रडती, ते काय खोटं हाय?" आम्ही म्हटले, "मावशी, खोटं नाही. पण आधी एवढं सांगा, हे होतं किती वाजता?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. सुनेने विचार करून सांगितले, "पाणी भरून झाल्यावर." त्या गल्लीत नळाला पहाटे चार वाजता पाणी येते. ही साडेतीनला उठून नंबर लावायची, हंडे-कळशा भरून पाचच्या सुमारास परत आडवी व्हायची, आणि सहा वाजता नवरा यायच्या आत, त्या एका तासाच्या झोपेत हा प्रकार घडायचा. एरवी कधी नाही. रात्री अकरापर्यंत भांडी-धुणी, साडेतीनला उठणे. म्हणजे सलग झोप साडेचार तासांची.

आता गंमत पाहा. जपानमधल्या संशोधकांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला आहे. निरोगी माणसांना प्रयोगशाळेत झोपवायचे, रात्री ठरावीक वेळी उठवायचे, सुमारे तासभर जागे ठेवायचे आणि परत झोपू द्यायचे. असे केल्यावर काही जण परत झोपताच आधीच्या पायऱ्या ओलांडून एकदम स्वप्नाच्या झोपेत शिरले आणि त्यांतल्या काहींना जखडण झाली. अंधश्रद्धेचा संबंध नाही, लिंबू नाही, अमावास्या नाही. नुसती झोप मोडली. प्रयोगशाळेत जे मुद्दाम केले, तेच आमच्या गल्लीत नळ रोज पहाटे करत होता.

ताईंनी सासूबाईंना हे आमच्यापेक्षा चांगले समजावले. ठरले असे की एक दिवस आड पाणी सासूने भरायचे, सुनेने रात्री दहाला अंग टाकायचे, आणि पहाटे पाणी भरल्यावर परत झोपायचे झाले तर उताणे न झोपता कुशीवर झोपायचे. महिना-दीड महिन्यात त्रास पुष्कळ कमी झाला. पूर्ण थांबला असे आम्ही म्हणणार नाही. अजून एखाद्या वेळी होतो. पण आता काय होते आहे ते तिला माहीत आहे, त्यामुळे ती रडत नाही. साडेतीन हजार वाचले ते वेगळेच.

अपुरी झोप, मोडलेली झोप आणि झोपेच्या बदलत्या वेळा ही तीन कारणे आपल्या लोकांच्या वाट्याला जितकी येतात तितकी क्वचितच कुणाच्या येत असतील. रात्रपाळीचा वॉचमन, इस्पितळातली आया, पहाटे रस्ता झाडणारे कामगार, आठवड्याला पाळी बदलणारा कारखान्यातला माणूस. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण झोपतात, कूस बदलायलाही जागा नसते, म्हणून सगळे उताणे. आणि उताणे झोपल्यावर ही जखडण जास्त होते असे आढळलेले आहे. दिवसा झोपावे तर बाहेर लाऊडस्पीकर. अशा माणसाला 'बाधा' झाली म्हणणे म्हणजे त्याच्या मोडलेल्या झोपेचा दोष त्याच्याच माथी मारणे आहे.

येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. आपल्यापैकी अनेकांनी 'मिलिंद प्रश्न' ऐकलेला आहे. त्यात मिलिंद राजा भदन्त नागसेनांना विचारतो की माणूस स्वप्न पाहतो ते झोपेत की जागेपणी? नागसेनांचे उत्तर असे की ना गाढ झोपेत, ना जागेपणी. मधल्या एका अवस्थेत, माकडाच्या झोपेसारख्या हलक्या झोपेत. जाणिवेला केवळ 'चालू' आणि 'बंद' अशा दोनच अवस्था नाहीत, मध्ये काहीतरी आहे, हे त्या काळी कुणीतरी नीट निरखले होते. याच उत्तरात नागसेन स्वप्नाची सहा कारणे सांगतात. वात, पित्त, कफ आणि सवयीचे विषय यांच्याबरोबर देवतेचा प्रभाव आणि पूर्वसूचना हीही त्यात आहेत. ही शेवटची दोन आजच्या शास्त्रात बसत नाहीत. आपला ग्रंथ आहे म्हणून तेवढे झाकून ठेवायचे कारण नाही.

भगताकडे नेण्यात पैसा जातो एवढेच नुकसान असते तर आम्ही इतके लिहिले नसते. बाई असेल तर तिचे केस धरतात, मिरच्यांची धुरी देतात, छडीने मारतात, चपलेचे पाणी पाजतात. हे सर्व प्रकार महाराष्ट्रात गुन्हा आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, त्याचा वटहुकूम त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर काही दिवसांतच निघाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, धुरी देणे, चटके देणे यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. शेजारी असा प्रकार चालला असेल तर "त्यांच्या घरचा मामला" म्हणून दार लावून घेऊ नये. पोलीस ठाण्यात या कायद्याचे नाव घेऊन तक्रार द्यावी.

आता ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी. जखडण झाली की सगळी ताकद लावून उठायचा प्रयत्न करू नका, त्याने घबराट वाढते. श्वास चालू आहे, तो संथ होऊ द्या. सगळे अंग हलवण्याऐवजी पायाचा अंगठा, एखादे बोट किंवा जीभ एवढेच हलवायला पाहा. डोळे फिरवता येतात, ते फिरवा. शेजारी झोपणाऱ्याला सांगून ठेवा; त्याने खांद्याला हात लावून नावाने हाक मारली की पुष्कळदा लगेच सुटका होते. झोपण्या-उठण्याच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या ठेवा. रात्री उशिरा चहा, तंबाखू, मशेरी नको. दारूने झोप चांगली लागते हा समज साफ चुकीचा आहे. दारू रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नाची झोप दाबते आणि उत्तररात्री ती उसळून येते, झोपेचे तुकडे होतात.

काही गोष्टी मात्र याच्याशी गल्लत करण्यासारख्या आहेत. लहान मूल झोप लागल्यावर तास-दोन तासांत किंचाळून उठते, ओळख देत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. ती गाढ झोपेतली अर्धवट जाग असते. त्याला गदागदा हलवू नका, दृष्ट काढत बसू नका, पडणार-लागणार नाही एवढे पाहा. बहुतेक मुलांचे ते वाढत्या वयाबरोबर जाते. उलट पन्नाशी-साठीचा पुरुष स्वप्नात खरोखर लाथा-बुक्क्या मारू लागला, पलंगावरून पडू लागला, तर तिथे पट्टा उतरतच नाही असे समजा. हा आजार १९८६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटातील डॉक्टरांनी प्रथम नीट मांडला. पुढे कित्येक वर्षांनी येणाऱ्या कंपवाताची ती कधीकधी आधीची खूण असते. अशा माणसाला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. जखडण वारंवार होते आणि शिवाय दिवसा काम करता करता झोपेचे झटके येतात, जोराने हसल्यावर गुडघे लुळे पडतात, तरीही डॉक्टर गाठावा. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तरीही. आणि घरातल्या मारहाणीने, एखाद्या मृत्यूने किंवा कर्जाच्या धसक्याने झोप उडाली असेल तर सरकारचा टेलि-मानस हा मोफत दूरध्वनी आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येते.

डॉक्टरकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सरकारी इस्पितळात डॉक्टरला दोन मिनिटेही मिळत नाहीत, त्यात "रात्री कसंतरी होतं" एवढे सांगून काही निघत नाही. आम्ही कारकून माणसे, आम्हाला नोंदवहीशिवाय करमत नाही. पण येथे नोंदवही खरोखर कामाची आहे. मुलांच्या जुन्या वहीची कोरी पाने घ्या आणि दोन आठवडे रोज लिहा: किती वाजता अंग टाकले, रात्री कितीदा व कशासाठी उठावे लागले, शेवटी किती वाजता उठलो, कोणती पाळी होती, कुशीवर होतो की उताणे, आणि त्रास झाला असेल तर घड्याळात किती वाजले होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही घरातल्या शाळकरी मुलीने भरावी.